दुसरी मोजणी

त्या माणसाला सगळं गाव घूस म्हणायचं. कुणीतरी चेष्टेत ठेवलेलं नाव, पण ते इतकं चपखल बसलं की बायकोसुद्धा रागात असली की तेच वापरायची. विहिरीच्या तळाशी उतरायचं, भिंतीला यंत्र लावायचं आणि झरा लागेपर्यंत सळईला सळई जोडत आडवं भोक पाडत जायचं, हा त्याचा धंदा. बापही हेच करायचा, पण छिन्नी-हातोड्यानं. यंत्राच्या आवाजानं घुशीचा डावा कान गेला होता. बायको म्हणायची, कामाचं काही बोलायला गेलं की ह्यांचा नेमका डावाच कान पुढे येतो.

पावसानं सलग दुसऱ्या वर्षी दगा दिला होता. अशा वर्षी विहिरीत उतरणाऱ्याला मरायला सवड नसते, असा आजवरचा अनुभव. पण आता शहराकडून ट्रकवर बसवलेली उभी यंत्रं यायला लागली होती. ती सकाळी येत, जमिनीत सरळ खाली भोक पाडत आणि संध्याकाळी निघून जात. घुशीला आठ महिन्यांत दोन कामं मिळाली होती. तो अंगणात बसून त्याच त्या सळयांना तेल लावायचा, आणि त्या चकाकत राहायच्या. बिनकामाच्या हत्यारावर गंज तरी चढावा, पण तेवढंही तो होऊ देत नव्हता.

त्याची मुलगी चौथीत होती. शाळा दोन खोल्यांची, आणि चौथीत मुलं अकरा. आदल्या वर्षी बदली होऊन आलेल्या बाईंची रीत जगावेगळी होती. त्या उत्तर सांगायच्याच नाहीत. पोरांनी काहीही म्हटलं की शांतपणे विचारायच्या, "कसं कळेल?" मग पोरं मापं घ्यायची, दगड तोलायची, भांडायची, एकमेकांचं खोडून काढायची. गावात या प्रश्नाची टिंगल चालायची. पारावर कुणी म्हणालं, आज ऊन फार आहे, की दुसरा लगेच म्हणायचा, कसं कळेल?

त्या वर्षी बाईंनी विहिरीचा विषय काढला. खालच्या आळीच्या विहिरीत पाणी किती आहे? पोरं म्हणाली, कमी. किती कमी? लई कमी. दर सोमवारी मोजायचं असं ठरलं, पण मोजायचं कशानं, यावर दोन दिवस गेले. शेवटी दोराला हाताहातावर गाठी मारायच्या ठरल्या. मग हात कुणाचा यावर भांडण. वर्गातल्या लंबूचा हात बुटकीच्या दीडपट होता. ज्याच्या हातानं मोजावं त्याची विहीर वेगळी निघत होती, आणि हे पोरांच्या आपलं आपणच ध्यानात आलं. एकच हात धरायला हवा. तेव्हा घुशीची मुलगी म्हणाली, माझे बाबा विहिरी मोजतात, त्यांचा धरू या.

घुशीला त्या वर्षात कुणी आपण होऊन काही मागितलं असेल तर ते एवढंच. त्यानं तागाचा जुना चांगला दोर काढला, आणि लगेच गाठी मारायला बसला नाही. आधी दोर पिंपात भिजत घातला. पोरीला म्हणाला, नवा असो की जुना, कोरड्या दोराला गाठी मारतो तो गाढव. भिजला की दोर आखडतो आणि सगळं माप खोटं पडतं. तीन दिवस तीच पिंपात पाणी घालत होती, तेही आईची बोलणी खाऊन, कारण पिंपभर पाणी म्हणजे विहिरीला चार खेपा. मग दोन झाडांच्या मध्ये दोर ताणला, खाली धोंडा टांगला, पुन्हा भिजवला, पुन्हा ताणला. सहाव्या दिवशी घुशीनं कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत आपला हात धरत चाळीस गाठी मारल्या. त्याचे हात आता थोडे कापायचे, पण गाठ आवळताना कापायचे नाहीत.

"आता हा बोटभरसुद्धा हलायचा नाही," तो मुलीला म्हणाला. "मी मेलो तरी माझा हात राहील."

दोर घेऊन तो स्वतः शाळेत गेला. बाईंनी त्याला खुर्ची दिली. पोरांनी व्हरांड्याच्या भिंतीवर दोर आडवा धरून दहा गाठींच्या अंतरावर दोन खिळे ठोकले, म्हणजे कधी शंका आली तर माप तपासता येईल. खिळे घुशीनंच ठोकून दिले. घरी आल्यावर तो बायकोला खुर्चीचं दोनदा सांगून बसला.

मोजायचं काम चौघांचं. लंबू दोर सोडायचा. टोकाचा दगड पाण्याला टेकला की दोर सैल पडायचा, सुटत्या गाठी मोजत आलेली घुशीची मुलगी तिथं तो काठाशी धरायची. मग दोर वर ओढताना बुटकी दुसऱ्यांदा मोजायची. शिंप्याची मुलगी लिहायची. वहीत दोन रकाने होते, पहिली मोजणी आणि दुसरी मोजणी. दोन्ही जुळल्याशिवाय आकडा पक्का नाही, असा नियम बाईंनी घातला होता, आणि शिंप्याच्या मुलीला तर नियम म्हणजे जीव की प्राण. ती बापाची हजेरी घेणारी पोरगी. बुटकी घाईघाईनं मोजून आकडा सांगायला लागली, तर ही तिला पहिल्यापासून परत मोजायला लावायची.

आकडा पक्का झाला की एका हाताला चार बोटं धरून त्या मापाची कागदाची पट्टी कापून वर्गाच्या भिंतीवर चिकटवायची. पहिल्या सोमवारी पाणी सत्तावीस गाठींवर लागलं. पुढच्या सोमवारी सत्तावीस आणि चार बोटं. दर आठवड्याला पाणी तीन-चार बोटं खाली जात होतं आणि त्या प्रमाणात पट्टी लांब होत होती. आळीतल्या बायका घागरी भरताना पोरांकडे बघून हसायच्या. शिकायला पाठवलं आणि ही विहिरीत डोकावत बसलीत, म्हणायच्या. पण पाणी किती खाली गेलं, हे आता त्याच पोरांना विचारायला लागल्या होत्या.

सातव्या आठवड्यात बागवाल्याचा निरोप आला.

वरच्या अंगाला त्याची लिंबाची बाग होती आणि बागेत त्याची स्वतःची विहीर, गावातली सगळ्यांत खोल. तिच्यातलं पाणी आता दोन तासांत संपत होतं आणि झाडं पिवळी पडायला लागली होती. घूस आत उतरला आणि भिंतीवर हात फिरवत एक चक्कर मारून आला. त्याचं म्हणणं होतं, पश्चिमेला भोक घ्यावं, तिकडचा खडक ओला लागतोय. बागवाला म्हणाला, पूर्वेला घे. पूर्वेला रस्ता होता आणि रस्त्यापलीकडे खालच्या आळीची विहीर. त्या विहिरीचा झरा कुठून येतो हे गावात दोघांनाच ठाऊक होतं, त्याच्या बापाला आणि त्याला. बाप आता नव्हता.

"पूर्वेला आपल्याच आळीचं पाणी आहे," तो म्हणाला.

"जमिनीखाली आळी नसते," बागवाला म्हणाला. "तुला जमत नसेल तर ट्रकवाला बोलावतो."

घुशीनं पूर्वेला घेतलं.

चार दिवस काम चाललं. तळाशी गुडघाभर चिखल, वर आकाशाचा ताटाएवढा तुकडा, आणि यंत्राचा दणका असा की दात सैल व्हावेत. बायको दुपारी जेवणाची पिशवी दोरानं खाली सोडायची. चौथ्या दिवशी एकविसावी सळई आत गेली आणि भोकातून आधी दुधासारखं पांढरं, मग स्वच्छ पाणी मनगटाएवढ्या धारेनं आलं. बागवाला वरून खूश होऊन ओरडला, पण तो डाव्या बाजूला उभा होता आणि घुशीला काही ऐकू गेलं नाही. तो धारेखाली हात धरून उभा राहिला. इतकी वर्षं पाणी लागलं की त्याला आनंद व्हायचा. त्या दिवशी झाला नाही.

घरी आला तेव्हा केसांपासून पायांपर्यंत पांढरा होता. बायको खूप दिवसांनी हसली आणि म्हणाली, घुशीचा उंदीर झाला. त्या रात्री सगळी पोटभर जेवली. मुलीनं बाबांचे कपडे धुवायला घेतले तर बादलीतलं पाणी पांढरं झालं. तिसऱ्यांदा बदललं तरी पांढरंच.

दुसऱ्या दिवशी आळीच्या विहिरीचं पाणी तसंच पांढुरकं आलं. बायकांनी फडक्यानं गाळून घेतलं. घुशीच्या मुलीनं घागरीत पाहिलं आणि तिला कालची बादली आठवली.

त्याच्या पुढचा दिवस रविवार. पोरं विहिरीवर खेळत होती आणि बुटकीनं दोर बघायला घेतला. तो तिच्या हातून निसटला आणि सगळाच्या सगळा विहिरीत गेला. रात्रभर पाण्यात राहिला. सोमवारी सकाळी लंबूनं गळ टाकून तो काढला आणि चौघांनी मोजलं. एकतीस. शिंप्याच्या मुलीनं नेहमीप्रमाणं बुटकीला परत मोजायला लावलं. एकतीस. एका आठवड्यात तीन हात.

वर्गात पट्टी चिकटवली तर ती आधीच्या पट्ट्यांच्या पार खाली लोंबली. बाईसुद्धा क्षणभर बघत राहिल्या. मग त्यांनी विचारलं, या आठवड्यात वेगळं काय काय झालं? पोरं सांगत गेली आणि बाई फळ्यावर लिहीत गेल्या. ऊन वाढलं. पाणी पांढरं आलं. दोर विहिरीत पडला. मग लंबू म्हणाला, बागेतलं इंजिन आता सकाळपासून संध्याकाळपर्यंत चालतं, आधी दुपारीच बंद व्हायचं. त्यानं सहज सांगितलं होतं. पण अकरा पोरांनी मिळून पाहिलं की एकाला न दिसलेलं दुसऱ्याला दिसतं, आणि थोड्याच वेळात दहाजणं मान वळवून घुशीच्या मुलीकडे बघत होती. ती पाटीच्या चौकटीवर नख ओढत बसली.

पोरांनी पाहिलं म्हणजे घरोघर गेलं. मंगळवारी आळीतली माणसं शाळेत येऊन पट्ट्या बघून गेली. ज्यांना अक्षर वाचता येत नव्हतं त्यांनाही ती लोंबणारी पट्टी वाचता येत होती. कुंपणानंच शेत खाल्लं, असं घुशीच्या दारावरून जाताना कुणीतरी मोठ्यानं म्हणालं. विहिरीवर त्याच्या बायकोची घागर बाजूला सरकवली गेली. तिनं ती उचलून पुन्हा रांगेत ठेवली, तेव्हा पुन्हा सरकवली गेली. ती रिकाम्या घागरीनं घरी आली आणि नवऱ्याला एवढंच विचारलं, पूर्वेला होतं का? तो डावा कान तिच्याकडे करून बसला.

गुरुवारी शाळेच्या अंगणात बैठक बसली. आळीतली माणसं एका बाजूला, गावातली चार वजनदार माणसं दुसऱ्या बाजूला, बागवाला खुर्चीवर. पोरांना बाईंनी व्हरांड्यात बसवलं होतं. बागवाल्यानं आवाज अजिबात चढवला नाही. तो म्हणाला, दुष्काळ सगळ्यांनाच आहे. पाणी थोडं खाली जाणारच. पण तीन हात खाली गेलं हे म्हणतं कोण? चौथीची पोरं. आणि मोजलं कशानं? दोराच्या तुकड्यानं. मग तो घुशीकडे वळला. "तू विहिरीतला माणूस. तूच सांग, हे माप खरं धरायचं का?"

सगळे वळले. घूस उभा राहिला. काल संध्याकाळी बागवाल्याचा माणूस त्याच्याकडे येऊन गेला होता. बागेच्या दुसऱ्या टोकाला आणखी एक विहीर खणायची आहे, वर्षभराचं काम आहे, असं सांगून गेला होता. घरात धान्य होतं ते महिन्याभराचं.

"तागाचा दोर भिजला की आखडतो," घूस म्हणाला. "रविवारी तो रात्रभर पाण्यात होता. गाठी जवळ आल्या, म्हणून जास्त मोजल्या गेल्या. पाणी एवढं गेलेलं नाही."

तो खाली बसला. अंगणातली माणसं एकमेकांकडे पाहायला लागली. दोर आखडतो हे कुणाला ठाऊक नव्हतं? बाज विणणाऱ्यापासून बैल बांधणाऱ्यापर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. आळीतल्यांचे चेहरे पडले. एकजण बाईंना म्हणाला, पोरांच्या हातात गाव देऊन बसलात की हो. बागवाल्यानं पाय लांब केले. बाईंना दोरातलं काही कळत नव्हतं आणि ते त्यांच्या तोंडावर दिसत होतं. आपल्याच रीतीनं आपल्याला तोंडघशी पाडलं, असं त्यांना वाटत असावं.

मग बुटकीची आई उठली. ही बाई दुसऱ्यांची धुणी धुऊन घर चालवायची, विहिरीवर तिचंच पोट सगळ्यांत जास्त अवलंबून. ती व्हरांड्यात गेली आणि सगळ्यांदेखत तिनं बुटकीच्या थोबाडीत मारली. तुझ्यामुळं झालं म्हणाली, तुझ्यामुळं सगळ्या आळीला खाली बघायला लागलं. बुटकी रडली नाही, कारण तिलाही ते खरंच वाटत होतं. ती गाल धरून, माझ्या हातून निसटला, माझ्या हातून निसटला, एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत राहिली.

बाईंनी तिला जवळ ओढलं. आणि मग, सवयीनं म्हणा की दुसरं काही सुचेना म्हणून म्हणा, त्यांनी पोरांकडे वळून नेहमीचा प्रश्न विचारला.

"दोर आखडला. कसं कळेल?"

अंगणात कुणीतरी हसलं. व्हरांड्याच्या भिंतीवर आता पोरांनी केलेला गावाचा नकाशा लागला होता आणि त्याच्याआड काय आहे हे बहुतेक पोरं विसरली होती. घुशीची मुलगी विसरली नव्हती. तिनं बापाकडे पाहिलं. तो जमिनीकडे बघत होता. तिला पिंप आठवलं, झाडांमध्ये ताणलेला दोर आठवला, आणि बोटभरसुद्धा हलायचा नाही म्हणताना बापाचा चेहरा किती उजळला होता ते आठवलं. शेजारी बुटकीचा गाल सुजत होता.

"खिळे आहेत," ती म्हणाली.

नकाशा काढला. खिळे होते तिथंच होते. बैठकीआधी खात्री करायला पोरांनी दोर त्या सकाळीच पुन्हा विहिरीत बुडवून काढलेला, अजून ओलाच होता. लंबूनं पहिली गाठ डाव्या खिळ्यावर धरली. दुसरं टोक घुशीच्या मुलीनं घेतलं. माणसं उठून व्हरांड्यापाशी आली. दोर थोडा सैल सोडला असता तर गाठ खिळ्याच्या अलीकडेच राहिली असती, आणि ते तिच्या एकटीच्या हातात होतं. तिनं दोर मनगटाला वेढा देऊन ताणला, बाबा ताणायचे तसा. गाठ उजव्या खिळ्यावर जाऊन बसली. शिंप्याच्या मुलीनं बोट ठेवत एकेक गाठ मोजली आणि मोठ्यानं म्हणाली, "दहा हात. पहिली मोजणी."

बागवाला बसल्या जागेवरून म्हणाला, पोरांच्या मोजण्याला काय अर्थ आहे.

"बरोबर आहे," बाई म्हणाल्या. "दुसरी मोजणी मोठ्या माणसानं करावी. ज्यांचा हात आहे त्यांनीच." आणि त्या घुशीकडे वळल्या. "या, मोजा."

घूस उठला. व्हरांड्याकडे दोन पावलं आला. त्यानं खिळ्याकडे पाहिलं, ताणून धरलेल्या दोराकडे पाहिलं आणि मुलीच्या मनगटाकडे पाहिलं. वेढ्याखाली कातडी पांढरी पडली होती. मग तो वळला आणि अंगणाच्या फाटकातून बाहेर निघून गेला. मुलगी बराच वेळ दोर तसाच धरून उभी होती. शेवटी लंबूनं आपलं टोक सोडलं.

शिंप्याच्या मुलीनं वहीत पहिल्या रकान्यात दहा लिहिलं. दुसरा रकाना कोरा ठेवला. आणखी चारजण मोजायला तयार होते, पण ती ऐकेना. बाईंनी हिच्या बाबांना सांगितलं होतं, दुसऱ्या कुणाचं चालणार नाही, म्हणाली.

लोकांना वहीची गरज नव्हती, त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. पण पाहून पुढे काय? बागवाला उठताना म्हणाला, विहीर माझी, जमीन माझी, तिच्या पोटात लागलेलं पाणीही माझं. आळीतल्या निम्म्या बायका त्याच्या बागेत लिंबं तोडायला जायच्या. दोन दिवस तावातावानं बोलणं झालं, तिसऱ्या दिवशी त्या कामावर गेल्या. खरं काय ते कळलं की पाणी परत येतं असं थोडंच आहे.

घुशीला बागवाल्याचं काम गेलं, कारण त्याच्याच पोरीनं खिळे दाखवले. आळीचं काम गेलं, कारण भोक त्यानं पाडलं. स्वतःच दोर करून दिला होता, हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. बायको आता पहाटे निघून ओढ्यापलीकडच्या डबक्यावरून पाणी आणायची. दोन घागरी आणेपर्यंत ऊन डोक्यावर यायचं. तिच्या मानेत एक शीर धरली होती, त्यामुळं ती सगळ्यांकडे तिरकं बघायची. मुलीशी ती आठ दिवस बोलली नाही. नवव्या दिवशी पाणी ओतता ओतता म्हणाली,

"थोडा सैल सोडला असतास तर काय बिघडलं असतं तुझं? कुणाला कळलं असतं?"

घूस भिंतीकडे तोंड करून पडला होता. खोकल्याची उबळ येऊन गेल्यावर तो तसाच पडल्या पडल्या म्हणाला,

"मला कळलं असतं."

बायकोनं घागर आदळली.

बुटकीच्या आईनं आणखी पंधरा दिवस कळ काढली. धुण्याला पाणी नाही म्हणजे घरात चूल नाही. एका सकाळी ती पोरीला आणि गाठोड्याला घेऊन बहिणीकडे गेली. जाताना बुटकी शाळेत येऊन खिडकीतून बघून गेली, पण आत आली नाही. भिंतीवरच्या पट्ट्या आता जमिनीला टेकायला आल्या होत्या. बाईंना वरून कागद आला होता, की वर्गाबाहेरचे उपद्व्याप बंद करावेत. त्यांनी तो टेबलाच्या खणात ठेवला आणि सोमवारी पोरांना विहिरीवर पाठवलं. त्या स्वतः आल्या नाहीत, एवढाच फरक.

घुशीनं सळया विकल्या. विकण्याआधी एकदा तेल लावलं. डोंगरापलीकडे दगडाच्या खाणीवर माणसं घेतात असं त्याला कळलं होतं. तिथं धूळ जास्त असते आणि त्याच्या छातीला ती सोसणार नाही, हे त्यालाही माहीत होतं आणि बायकोलाही. तिनं फक्त पिशवीत जुनं धोतर फाडून केलेली दोन फडकी ठेवली, तोंडाला बांधायला.

तो निघाला तो सोमवार होता. रस्ता विहिरीवरूनच जायचा. काठावर तिघं होती. लंबूनं दोर सोडला होता आणि तो सोडतच होता. पाण्यात दगड पडल्याचा आवाज या वेळी आला नाही. बऱ्याच वेळानं खालून दगडावर दगड लागल्यासारखा कोरडा आवाज आला. दोर सैल पडला. दोर सुटताना घुशीची मुलगी वाकून गाठी मोजत आली होती.

"चौतीस," ती म्हणाली.

शिंप्याच्या मुलीनं लिहिलं आणि पेन्सिल दुसऱ्या रकान्यावर धरून ती थांबली. बुटकी नव्हती. लंबू म्हणाला, मी मोजतो. पण दोर त्याच्या हातात होता, आणि सोडणाऱ्यानं मोजायचं नाही हा नियम. तिघंही तशीच उभी राहिली. भोवती आळी होती, घरं होती, पण विहिरीवर आता कुणी येत नव्हतं.

घुशीनं पिशवी काठावर ठेवली. मुलीनं दोर धरला होता त्या जागेपासून त्यानं मोजायला सुरुवात केली. लंबू दोर वर ओढत गेला आणि घुशीच्या कापऱ्या बोटांखालून एकेक गाठ सरकत गेली. दोर कोरडा होता. शेवटच्या दोन हातांना फक्त ओला चिखल लागलेला होता. दगड वर आला तेव्हा त्यानं तो हातात धरला.

"चौतीस," तो म्हणाला. "तळ आहे. माझ्या बापानं इथवरच खणली होती."

शिंप्याच्या मुलीनं लिहिलं. घुशीनं बोटं धोतराला पुसली आणि पिशवी उचलली. दोन पावलं जाऊन तो परत वळला. त्याचा उजवा कान पोरांकडे होता, पण कुणी काही बोललंच नाही. मग तोच म्हणाला,

"ते मागचं एक कोरं राहिलंय ना तुझ्या वहीत?"

ती हो म्हणाली, आणि पानं मागे उलटली.

"लिही. दहा."

तिनं लिहिलं. लंबू दोर गुंडाळायला लागला. घुशीच्या मुलीला बाबांच्या मागे धावावंसं वाटलं, पण दोराचं दुसरं टोक तिच्या हातात होतं आणि ते सोडलं असतं तर गुंता झाला असता. ती टोक धरून उभी राहिली. तो वळणावरून दिसेनासा झाला तेव्हा लंबूचं गुंडाळून होत आलं होतं.